ट्रॅक्टर टायरची हातकटाई

ओढ-स्पर्धेत उतरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांवरील रबरी दांडे (लग) हाताने कापून, कोरून व घासून त्यांना मैदानाच्या मातीला मानवेल अशी धार देण्याचे काम. मूळ खेळ अमेरिका व युरोपातला. वजन लादलेली घसरगाडी (स्लेज) ट्रॅक्टरमागे जोडायची आणि सुमारे ३०० फूट किंवा १०० मीटर लांबीच्या मातीच्या पट्ट्यावरून जमेल तितकी लांब ओढत न्यायची. गाडी पुढे जाईल तशी तिच्यावरची वजनपेटी चाकांवरून पुढच्या, जमिनीला घासणाऱ्या तळाकडे सरकते व ओझे वाढत जाते. शेवटच्या काही मीटरांत इंजिनात जोर शिल्लक असूनही चाके जागच्या जागी फिरू लागतात. हातकटाईचा सगळा खटाटोप त्या काही मीटरांसाठी असतो.

उगम व काळ : ट्रॅक्टर-ओढीचा आरंभ काही लेखक १९०८ पासून कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या यंत्रचाचण्यांपर्यंत मागे नेतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून विक्रीच्या ट्रॅक्टरांची चाचणी सक्तीची केली. तीत ओढशक्ती मोजली जाई, म्हणून तिचाही उल्लेख होतो. पण या तपासण्या होत्या, खेळ नव्हे. लोकांसमोर झालेल्या पहिल्या स्पर्धांचा मान सामान्यतः १९२९ साली मिसूरीतील बोलिंग ग्रीन व ओहायोतील व्हॉनस्व्हिल येथे झालेल्या ओढींना दिला जातो. या दोहोंत आधीची कोणती, या वादाचा प्रस्तुत विषयाशी फारसा संबंध नाही. कारण त्या काळी ट्रॅक्टरांना लोखंडी चाके आणि त्यांवर लोखंडी दाते असत. हवा भरलेल्या रबरी टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आला तो अ‍ॅलिस-चामर्स कंपनीच्या ‘यू’ नमुन्याबरोबर, १९३२ च्या सुमारास. तेव्हा टायर-कटाईला त्याआधीचा काळ देता येत नाही.

पुढची मर्यादा ठरवणे अधिक नाजूक आहे. सुरुवातीच्या स्पर्धांत ओझे स्थिर असे, किंवा घसरगाडी पुढे जाताना वाटेत उभी असलेली माणसे एकेक करून तिच्यावर चढत. अशा ओढीत साधे शेतीचे टायर चालून जात. १९६९ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन नियम एकसारखे झाले आणि त्यानंतर सरकत्या वजनाची गाडी रूढ झाली. सर्वांचे ओझे एकाच रीतीने वाढू लागल्यावर फरक पडायला जागा उरली ती पकडीत. त्यामुळे पद्धतशीर हातकटाई १९७० च्या दशकापासूनची मानणे सयुक्तिक वाटते.

दांड्याचा कोन व आकार : आसाच्या रेषेशी दांड्याने केलेला कोन हा टायरकारांमधला जुना वाद आहे. फायरस्टोन कंपनीने २३ अंशांच्या कोनाचा पुरस्कार केला. ४५ अंशांच्या आसपासचा कोन मानणारा पक्षही जुना आहे. कोन कमी असला की दांडा चाकाच्या रुंदीवर जवळजवळ आडवा बसतो व माती सरळ मागे रेटतो. कोन वाढला की दोन दांड्यांमधला चिखल बाजूने चटकन निसटतो, पण ओढ थोडी कमी होते. ओढीचा पट्टा पाणी मारून व रोलर फिरवून घट्ट केलेला असतो, त्यामुळे तिथे कमी कोनाचे पारडे जड ठरते. मात्र कोन साच्यातच ठरलेला असतो. कारागिराला दांड्याच्या जाडीपुरतीच मोकळीक मिळते, म्हणून मुळातला टायर निवडणे हे कटाईतले अर्धे काम होय.

कारखान्यातून आलेला दांडा बुंध्याशी रुंद व दोन्ही अंगांनी उतरता असतो. कारागीर त्याची पुढची, म्हणजे माती रेटणारी, बाजू उभी करतो किंवा आत किंचित खोलगट घेतो. माथा अरुंद करतो, म्हणजे तेवढ्याच वजनाखाली दाब वाढून दांडा मातीत शिरतो. मागचा उतार मात्र राखतो. तोही काढला तर दांडा ताणाखाली वाकतो आणि धार फुकट जाते. उंचीही कमी केली जाते. उंच दांडे पट्ट्याला खड्डे पाडतात आणि ट्रॅक्टर आपल्याच खड्ड्यात बसतो. शेतीकामात काही टक्के घसरण धरूनच चालतात, साधारण ८ ते १५ टक्क्यांत पकड सर्वोत्तम मिळते. स्पर्धेत चाक याहून कितीतरी जास्त घसरते, त्यामुळे शेतातला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

हत्यारे व रीत : खडूने खुणा करून, पत्र्याचा फर्मा लावून प्रत्येक दांड्यावर रेघ आखतात. मोठा भाग विजेवर तापणाऱ्या, इंग्रजी यू आकाराच्या पात्याने काढतात व शेवट ग्राइंडरने घासून करतात. गार पात्याने कापताना पाते साबणाच्या पाण्यात बुडवत राहावे लागते, नाहीतर रबर त्याला धरून ठेवते. डाव्या-उजव्या टायरचा घेर फितीने पुन्हा पुन्हा मोजतात. तो जुळला नाही तर ट्रॅक्टर एका अंगाला जातो. ओढताना पुढची चाके उचललेली असल्याने स्टिअरिंगचा उपयोग नसतो; मागच्या चाकांच्या वेगवेगळ्या ब्रेकनेच दिशा सांभाळावी लागते. खोल कापताना रबराच्या आतला दोरा (टायरला बळकटी देणारा धाग्यांचा थर) उघडा पडला की टायर बाद. तापलेल्या रबराचा गंधकी धूर व ग्राइंडरची काळी भुकटी यांमुळे हे काम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करायचे असते.

स्पर्धेच्या मोठ्या वर्गांत ३०.५-३२ मापापर्यंतचे (पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत) टायर चालतात, म्हणजे रुंदी सुमारे ७७ सेंमी. आपल्याकडच्या नेहमीच्या १३.६-२८ टायरची रुंदी ३५ सेंमीच्या आत असते. साखळ्या व खिळे वर्ज्य असतात. साध्या शेती-ट्रॅक्टरांच्या वर्गात कापलेले टायरही अनेक ठिकाणी चालत नाहीत.

कोल्हापूर परिसर : ओढीची हौस या जिल्ह्याला नवी नाही. सीमाभागात बैलांच्या लाकूड ओढण्याच्या शर्यती आणि भाताच्या पट्ट्यात चिखलगुट्टा (चिखलाच्या शेतातल्या बैलांच्या शर्यती) होतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. ट्रॅक्टरच्या शर्यती इकडे मुख्यतः ट्रॉली मागे (रिव्हर्स) घेण्याच्या. त्यांत पकडीपेक्षा हात व नजर लागते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढण्याचे ‘टोचन’ पंजाब-हरियाणातले.

कौशल्य मात्र इथले ओळखीचेच आहे. रिमोल्डच्या दुकानात जुनी नक्षी घासून टायर नव्या रबरासाठी तयार करणे व चपलांसाठी टायरचा सोल रापीने कापणे ही त्याच जातीची कामे. गरज मात्र उलटी. नोव्हेंबर ते मार्चच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून डांबरावर धावताना दांडे झिजतात, आणि तोच ट्रॅक्टर ओल्या फडात रुतला की दुसरा बोलावून ओढून काढावा लागतो. अशा ठिकाणी कापून उंची घटवलेला टायर काही कामाचा नाही. ऊस व भातासाठीचा ‘आर-२’ वर्गातला टायर नेहमीच्या ‘आर-१’पेक्षा जवळपास दुप्पट खोल दांड्यांचा असतो तो याचसाठी. पण त्याचे उंच दांडे डांबरावर लवकर झिजतात, म्हणून ज्याला फड आणि रस्ता दोन्ही एकाच जोडीवर भागवायचे असतात तो बहुधा ‘आर-१’वरच थांबतो.