जलसंजीवनीच्या पुडीत साखर कशाला?

जुलाबात शरीरातून जातं ते पाणी आणि क्षार. मग जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या पुडीत साखर कशाला? ताकदीसाठी, असं बहुतेकांना वाटतं. पण लिटरभर पाण्यात ही साखर, म्हणजे ग्लुकोज, असते फक्त १३.५ ग्रॅम, त्यातून ताकद ती किती मिळणार? तिचं काम वेगळंच आहे.

१९६० साली प्रागच्या एका परिषदेत जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या जोडीनं. ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. कॉलऱ्याचं विष पेशींना क्लोराइड आणि पाणी बाहेर टाकायला लावतं, पण ग्लुकोज-सोडियमचं हे दार त्याला बंद करता येत नाही. नुसतं मिठाचं पाणी पाजून रुग्ण का सावरत नाहीत, ते इथे कळतं.

दार सापडलं, तरी किती पाजायचं हा प्रश्न उरलाच होता. ढाक्यात १९६८ साली डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी जुलाबावाटे गेलेलं पाणी मोजलं आणि त्या हिशेबानं द्रावण पाजलं. सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा एवढ्यावर काम चालवलं. पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत धाडसी पाऊल हेच. नर्सचं काम आईच्या हाती देणं सोपं नव्हतं.

पुढे पोटॅशियम आलं, सोड्याच्या जागी सायट्रेट हा क्षार आला. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं द्रावण आणखी पातळ केलं: ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५, मीठ ३.५ वरून २.६. सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम तसंच राहिलं. द्रावण पातळ झाल्यामुळे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या.

घरी चुकतं ते बहुधा याच प्रमाणात. लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात ओतली, की द्रावण घट्ट होतं, रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. कोलासारख्या पेयात लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते. एवढी साखर आतड्यात उलट पाणी खेचून आणते आणि जुलाब वाढतात. म्हणून पुडीवर लिहिलेलं पाणी मोजून घ्यावं, पुडी अख्खी टाकावी, दुधात किंवा सरबतात मिसळू नये, मिसळल्यावर उकळू नये. उरलेलं २४ तासांनी फेकावं.

मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजावं. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवावं. झिंक १० ते १४ दिवस द्यावं: रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १०. मूल मलूल पडलं, काही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठावा.