सीईटीचं परसेंटाइल आणि कॅपचा अर्ज: तक्रार कुठे चालते, कुठे नाही

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "उत्तरतालिकेवरून आमच्या मुलाचे ११८ गुण होतात, त्याच्या मैत्रिणीचे ११२. मग परसेंटाइल तिचं जास्त कसं?"

दोघांची सत्रं (परीक्षेच्या शिफ्ट) वेगळी असतील तर असं होऊ शकतं. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून परीक्षा घेणारा सीईटी सेल गुणांऐवजी त्या सत्रातलं स्थान बघतो. समजा सत्राला २०,००० मुलं बसली आणि १८,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत (तुम्हीही त्यातच). तुमचं परसेंटाइल ९०. अवघड पेपरला ते ११२ वर मिळेल, सोप्याला १२० लागतील. सत्र वाटून दिलं जातं, त्यामुळे सगळीकडे हुशार-मध्यम मुलांचं प्रमाण सारखंच असेल, हे यामागचं गृहीतक. मोठ्या गटात ते बऱ्यापैकी टिकतं. अगदी वरच्या टोकाला एकेक गुण जीव घेतो, तिथली चरफड रास्त आहे. पण "आमची शिफ्ट अवघड होती" यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही.

विषयांच्या परसेंटाइलची सरासरी काढून एकूण आकडा पडताळू नका, जुळणार नाही. एकूण परसेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात.

आक्षेप घ्यायची संधी एकदाच: लॉगिनमध्ये उत्तरतालिका येते तेव्हा, आक्षेपागणिक शुल्क भरून, मुदतीच्या आत. निकालानंतर फेरतपासणी नाही. लोक नेमके निकालानंतर जागे होतात.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असंही नाही. कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. इंजिनीअरिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि एक मान्य विषय मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. हे टक्के, परसेंटाइल नव्हे! गुणपत्रिका, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला अपलोड करा. दाखल्यावर 'भारतीय' लिहिलेलं नसेल तर राष्ट्रीयत्वाचा वेगळा पुरावा जोडा.

मुलं अडकतात ती पुढे. जातीचा दाखला असतो, पण जातपडताळणी झालेली नसते. ती अकरावीतच कॉलेजमार्फत सुरू करा. समितीला तुमच्या कॅप राउंडची घाई नसते. पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर कॅपची नोंदणी झाली तरी मूळ प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही की नाव खुल्या प्रवर्गात जातं. नॉन-क्रिमीलेयरचं (ओबीसी वगैरेंना लागणारा, उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) वेगळंच. 'माझ्याकडे आहे' म्हणणाऱ्यांच्या दाखल्याची मुदत बऱ्याचदा नुकत्याच सरलेल्या ३१ मार्चला संपलेली असते. प्रवेश २०२६-२७ चा असेल तर दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवा. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्याला राज्याचा नमुना लागतो, केंद्राचा नाही. सेतू केंद्रावर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात जो येईल तो घेऊन परत याल आणि ते स्क्रुटिनीच्या (कागदपत्रांच्या छाननीच्या) दिवशी कळेल.