जुनी पिकअप घरच्या घरी, कमी खर्चात रंगवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि सिन्नर भागातून आमच्याकडे रंग घेण्यासाठी येणाऱ्या अनेक ग्राहकांची पिकअप वर्षानुवर्षे शेतमाल वाहून थकलेली असते. इंजिन चांगले असते. पण छपराचा रंग उन्हाने पांढुरका पडलेला, हौद्याचे कोपरे गंजलेले आणि दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या असतात. अशा गाडीवर गॅरेजमधील पूर्ण रंगकामाचा खर्च परवडत नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. घरी हे काम व्यवस्थित होऊ शकते. मात्र ग्राहक प्रथम रंगाचा डबा निवडतात आणि पॉलिशपेपर व प्रायमर उरलेल्या पैशांत बसवतात, हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. रंग मध्यम किमतीचा घेतला तरी चालतो. पत्र्याच्या तयारीत केलेली काटकसर मात्र पहिल्याच पावसाळ्यात फुगून वर येते.

कोणता रंग घ्यावा

घरी काम करणाऱ्यास आम्ही वाहनांसाठीचा सिंथेटिक इनॅमल सुचवतो. तो ब्रशने किंवा रोलरने लावता येतो, टर्पेंटाइनने पातळ होतो आणि हौद्यावर खरचटल्यास तेवढाच भाग पुन्हा रंगवता येतो. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून लावायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग अधिक चकाकतो व अधिक टिकतो, हे खरे आहे. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते आणि फवारणी करताना त्याचा तुषार श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा साधा मास्क त्यापासून बचाव करत नाही; त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. त्यामुळे अंगणात कॉम्प्रेसर लावून पीयू मारण्याचा विचार असल्यास तो सोडावा किंवा ते काम सुसज्ज गॅरेजकडे द्यावे. यात आमची महाग रंगाची विक्री कमी होते, याची आम्हाला कल्पना आहे. मेटॅलिक छटा रोलरने एकसारखी येत नाही, म्हणून साधा रंगच निवडावा. पांढरा रंग पत्र्यावरील उंचसखलपणा झाकतो आणि उन्हात कमी तापतो. काळ्या रंगात प्रत्येक पोचा दिसतो.

सिंथेटिक इनॅमलच्या एका लिटरमध्ये एका हाताने, म्हणजे एका थराने, साधारण दहा चौरस मीटर पत्रा झाकला जातो. केबिन आणि हौद्याची केवळ बाहेरील बाजू रंगवल्यास दोन हातांना सुमारे तीन लिटर रंग लागतो, तर हौदा आतूनही रंगवल्यास साडेचार ते पाच लिटर लागतो. संपूर्ण रंग एकाच वेळी आणि एकाच बॅचचा घ्यावा, कारण दुसऱ्या खेपेच्या डब्यात छटेचा किंचित फरक पडू शकतो आणि तो बोनेटवर लगेच नजरेत भरतो.

जुना रंग ओळखणे

नवा रंग जुन्यावर बसेल की नाही, हे आधी तपासावे लागते. गाडीच्या आड बाजूस, उदाहरणार्थ दाराच्या आतल्या कडेला, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेले पांढरे कापड थोडा वेळ दाबून धरावे. रंग विरघळून कापडाला लागला तर तो एनसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ड्यूको म्हणतात तो, समजावा. सुरकुत्या पडून उचलला गेला तर तो सिंथेटिक असतो. काहीच झाले नाही तर तो बहुधा कारखान्यातील भट्टीत पक्का केलेला मूळ रंग किंवा पीयू असतो. या तिन्हींवर, ते घट्ट बसलेले असतील आणि नीट घासलेले असतील तर, सिंथेटिक लावता येतो. याउलट सिंथेटिकवर एनसी रंग किंवा एनसी लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी) लावू नये. तिच्यातील तीव्र थिनर खालचा थर उचलतो आणि संपूर्ण जागा खरवडावी लागते.

कामाचा काळ आणि जागा

खंडेनवमीच्या पूजेला गाडी नवी दिसावी या इच्छेने दसऱ्याआधीच्या आठवड्यात सर्वाधिक ग्राहक येतात, आणि नाशिक जिल्ह्यात नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस रेंगाळत असतो. ओलसर हवेत प्रायमरखाली दमटपणा अडकतो आणि रंगाची चकाकीही मरते. पूजेसाठी गाडी धुऊन, पॉलिश न लावता, हार घालून उभी करावी आणि रंगकाम दिवाळीनंतर काढावे, असे आम्ही सुचवतो. पॉलिशचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण त्यातील सिलिकॉन पत्र्यावर राहिल्यास नव्या रंगात गोल खळगे पडतात.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांखाली उतरतो आणि पहाटे दव पडते. त्या दिवसांत सकाळी दहानंतर, पत्रा हाताला कोरडा व कोमट लागल्यावर काम सुरू करावे आणि दुपारी दोनच्या आत शेवटचा हात संपवावा, म्हणजे दव पडण्यापूर्वी रंग वरून सुकतो. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते. तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रश फिरण्याआधीच ओढला जातो, म्हणून तेव्हा काम सकाळी लवकर आणि पूर्ण सावलीत करावे. जागेसाठी ट्रॅक्टरची शेड उत्तम. रिकामी कांदाचाळ हवेशीर असल्याने मोह पडतो, परंतु वाऱ्याची झुळूक आली की कांद्याची टरफले ओल्या रंगावर येऊन चिकटतात. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि शेडमध्ये विडी, चूल किंवा वेल्डिंग चालू ठेवू नये.

गंज आणि पत्रा

पहिला दिवस केवळ धुण्यासाठी ठेवावा. बागेत फवारणीसाठी मोरचूद, तसेच युरिया किंवा पोटॅश वाहिलेल्या हौद्यात ही रसायने सांध्यांमध्ये साठून राहतात. मोरचुदातील तांबे ओलाव्यात लोखंडावर बसते आणि त्या जागी लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. खतांचे क्षार हवेतील ओलावा ओढून पत्रा सतत दमट ठेवतात. म्हणून हौद्याच्या कडा, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि मडगार्डच्या आतील घड्या डिटर्जंटच्या पाण्याने घासून भरपूर पाण्याने धुवाव्यात. दारांच्या तळाशी आणि हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजलेली असतात व गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. ती तारेने मोकळी करावीत आणि पुढे लांबी किंवा रंग त्यांत जाऊ देऊ नये. गाडी पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनच्या कापडाने तेलकटपणा काढावा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे. एकच कापड फिरवल्यास तेल केवळ एका जागेवरून दुसरीकडे जाते.

फुगलेला रंग पत्र्यापर्यंत काढलाच पाहिजे. फुगवट्याच्या भोवतीचा दोन बोटे चांगला दिसणारा रंगही खरवडावा, कारण गंज रंगाखाली दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो. वायर ब्रश व ८० नंबरचा पेपर वापरून धातूची चमक येईपर्यंत घासावे. खड्ड्यांत राहिलेल्या काळपट गंजावर फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावता येते. हातमोजे व चष्मा घालून, डब्यावरील सूचनेप्रमाणे वेळ ठेवून, धुऊन व पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर लावावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवल्यास सकाळी त्यावर पुन्हा तांबूस थर दिसतो.

पेचकसाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल किंवा आरपार भोक असेल, तर ते लांबीने बुजवू नये. खालून पाणी लागून ती लांबी काही महिन्यांत वडीसारखी निघून येते. तेथे वेल्डरकडून पत्र्याचा तुकडा लावून घ्यावा, आणि त्याआधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. हा खर्च बजेटमध्ये प्रथम धरावा; तो परवडत नसेल तर या वर्षी केवळ पत्राकाम व प्रायमर करून रंग पुढील वर्षी लावणे अधिक शहाणपणाचे.

हार्डनरची लांबी मिसळताना वजनाने शंभर भागांस दोन भाग हार्डनर घ्यावा. उन्हाळ्यात ती काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी लिंबाएवढाच गोळा करावा. थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. लांबी पाणी शोषते, त्यामुळे ती नेहमी कोरडीच घासावी, आधी ८० आणि मग १८० नंबरच्या पेपरने. जुना रंग मात्र पाणी लावून वॉटरपेपरने घासणे बरे. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आहे, पण ती वाहनांच्या व औद्योगिक रंगांना लागू नाही. जुन्या पिवळ्या व केशरी रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासल्यास धूळ श्वासात जाते आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचते. कोणतेही घासकाम करताना धुळीचा चांगला मास्क वापरावा.

प्रायमर आणि रंग

काचा, दिवे, नंबरप्लेट आणि रबरी पट्ट्या मास्किंग टेप व कागदाने झाकाव्यात. ब्रेकच्या रबरी नळ्या, रबरी बुश व सायलेन्सर यांना रंग लावू नये. चेसिस नंबर लांबीखाली किंवा जाड रंगाखाली बुजू देऊ नये. उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइड स्वस्तात काम करतो. झिंक फॉस्फेट प्रायमर थोडा महाग असला तरी दारांच्या खालच्या भागासाठी व हौद्यासाठी आम्ही तोच घेण्यास सांगतो. प्रायमर हे छत नव्हे. त्यातून ओलावा आत जातो, म्हणून केवळ प्रायमर मारलेली गाडी पावसात उभी ठेवू नये. तो रात्रभर वाळल्यावर ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरने हलके घासून पुसावा.

रंगात पाच ते दहा टक्के टर्पेंटाइन मिसळून, गाळून, चार इंची फोम रोलरने पातळ थर द्यावा आणि लगेच मऊ ब्रशचे टोक एकाच दिशेने हलकेच फिरवून बुडबुडे मोडावेत. छपरापासून सुरुवात करून खाली यावे. एक दार किंवा एक बाजू एका दमात पूर्ण करावी, अर्ध्यावर जेवायला उठू नये. सुकत आलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरवला की पट्टा उमटतो. जाड थर देऊन एकाच हातात काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण सिंथेटिक वरून आधी सुकतो व खालचा ओला थर नंतर आवळताना सुरकुत्या पडतात. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिला ४०० नंबरच्या पेपरने पुसटसा घासून द्यावा. शेवटच्या हातानंतर रंग थोडा चिकट असतानाच टेप काढावी.

रंगाने भिजलेली कापडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सिंथेटिक रंगातील तेल सुकताना उष्णता निर्माण करते आणि कापडांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. उरलेले टर्पेंटाइन गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते बंद डब्यात ठेवल्यास गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा ब्रश धुण्यास उपयोगी पडते.

गाडी किमान आठवडाभर भाड्याला लावू नये, क्रेट घासू देऊ नयेत आणि ताडपत्री आवळून बांधू नये. ती ओल्या रंगाला चिकटते. पहिला महिना केवळ साध्या पाण्याने धुवावी. हौद्याच्या तळाला चकाकणारा रंग देण्यात पैसा घालवू नये. तेथे प्रायमरवर साधा काळा रंग आणि वर काढता येणारी रबरी चटई पुरेशी आहे, मात्र चटई अधूनमधून उचलून खालचे पाणी वाळू द्यावे.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. त्याच रंगात रंगवल्यास काही करावे लागत नाही. रंग बदलायचा असल्यास आधी परिवहन कार्यालयात, एमएच १५ च्या गाड्यांसाठी पेठ रोडवरील कार्यालयात, चौकशी करून प्रमाणपत्रात बदल नोंदवून घ्यावा. ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, त्यामुळे कितीही आवडला तरी आम्ही तो गाडीसाठी देत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस तपासणी लागते. रंगकाम तिच्या आधी करावे आणि मालकाचे नाव, वजनाचे आकडे व रिफ्लेक्टर पट्ट्या पूर्वीप्रमाणे करून घ्याव्यात. त्यासाठी घासण्यापूर्वी गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

रंग घेण्यासाठी येताना डिझेल टाकीचे झाकण, किंवा ते रंगाचे नसल्यास मूळ रंगाचा एखादा सुटा भाग, सोबत आणावा. फोटोवरून छटा जुळवता येत नाही. झाकणाची ऊन न लागलेली आतील बाजू मूळ रंग दाखवते व बाहेरील बाजू उडालेला. पूर्ण गाडी रंगवायची आहे की केवळ एखादे दार, हे सांगितल्यास आम्ही त्यानुसार योग्य बाजूशी रंग जुळवून देतो.