सेपल्टुरा नव्या संचात: भांडण गायकावरून, अल्बम ठरतो ड्रमरवरून

सेपल्टुरा या ब्राझीलच्या मेटल बँडचा नवा अल्बम आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅक्स, म्हणजे १९९६ मध्ये बाहेर पडलेला जुना गायक, आहे का? नाही? मग कसला सेपल्टुरा. हे १९९८ पासून चालूये आणि दर अल्बमला तेवढ्याच जोरात चालतं. आपल्याकडे जुनं नाटक नव्या संचात आलं की लोक तिकीट काढतात, इंटरव्हलला वडा खाताना 'पहिल्या नटाची सर नाही' म्हणतात, आणि तिसऱ्या अंकाला गुपचूप जाऊन बसतात. मेटलवाले तिकीटच काढत नाहीत. आणि गंमत अशी की ज्या गायकाच्या नावाने अजून खडे फोडले जातात तो डेरिक ग्रीन बँडमध्ये मॅक्सच्या दुपटीहून जास्त वर्षं आहे. मॅक्सचे स्टुडिओ अल्बम सहा, डेरिकचे २०२० च्या क्वाड्रापर्यंत नऊ. तरी नवा माणूस तोच!

माझं म्हणणं वेगळंच आहे. या बँडची पार्श्वभूमी नीट बघितली तर कुठला अल्बम कसा वाजला हे गायकावरून कमी आणि मागे ड्रमवर कोण बसलंय यावरून जास्त ठरलंय. ते कसं, हे सांगायला मुळापासून यावं लागेल.

बेलो होरिझोंटे, मिनास जेराइस राज्याची राजधानी, साल १९८४. ब्राझीलमध्ये १९६४ पासूनची लष्करी राजवट शेवटच्या घटका मोजत होती. मॅक्स आणि इगोर कावालेरा हे दोन भाऊ, वडील इटालियन वकिलातीत नोकरीला, ते हार्ट अटॅकने अचानक गेले आणि बऱ्यापैकी सुखवस्तू घर एकदम खाली आलं. शाळा सुटली, बँड धरला. नाव मिळालं मोटरहेडच्या एका गाण्याचे शब्द पोर्तुगीजमध्ये करताना. सेपल्टुरा म्हणजे थडगं, बस, पोरांना एवढं पुरे होतं. पुढच्याच वर्षी जानेवारीत रिओमध्ये पहिलं रॉक इन रिओ झालं, क्वीन, आयर्न मेडन, एसी-डीसी, ऑझी, स्कॉर्पियन्स सगळे एका स्टेजवर, आणि ब्राझीलभरच्या पोरांच्या डोक्यात गिटार शिरली.

संच बदलायला इथूनच सुरुवात बरं का. पहिला गायक मॅक्स नव्हताच! वाग्नर लामुनिये म्हणून एक होता, तो १९८५ मध्ये पहिलं रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच बाहेर पडला आणि पुढे सार्कोफागो हा बँड त्याने गाजवला, नॉर्वेची ब्लॅक मेटलवाली मंडळी आजही त्यांचं नाव काढतात. मग मॅक्सने माइक घेतला. म्हणजे 'ओरिजिनल गायक' म्हणून ज्याच्यासाठी भांडतात तोही बदलीच, पण हे सांगितलं की लोक विषय बदलतात.

कोगुमेलो नावाचं शहरात एक रेकॉर्डचं दुकान होतं, त्यांनीच लेबल काढून १९८५ मध्ये बेस्टियल डेव्हास्टेशन छापलं, एका बाजूला ओव्हरडोस हा तिथलाच दुसरा बँड, दुसऱ्या बाजूला हे. इगोर तेव्हा जेमतेम पंधराचा. १९८६ चा मॉर्बिड व्हिजन्स ऐकाल तर गिटार ट्यूनमध्ये नाहीत हे लगेच कळतं, मॅक्स स्वतःच सांगतो की तेव्हा ट्यूनिंग वगैरे भानगडीत ते पडलेच नव्हते. इगोर नुसता पळत सुटलाय, कुठे थांबायचं माहीत नाही. पण पळण्यात दम आहे.

१९८७ मध्ये गिटारवाला जायरो ग्वेदेस गेला आणि साओ पावलोकडचा आंद्रेआस किसर आला. हा बदल सगळ्यात मोठा, आणि त्याबद्दल कुणीच कधी तक्रार करत नाही. किसरला गिटार खरोखर वाजवता यायची, त्यामुळे त्याच वर्षीच्या स्किझोफ्रेनियामध्ये बँडला एकदम हाडं-मांस आलं. मग रोडरनर या लेबलने करार केला आणि १९८९ चा बिनीथ द रिमेन्स आला. तो रेकॉर्ड कसा झाला ते मजेदार आहे: डिसेंबर १९८८, रिओचा नास नुव्हेन्स स्टुडिओ, बजेट तुटपुंजं, म्हणून रात्री आठपासून पहाटेपर्यंत काम. फ्लोरिडाहून स्कॉट बर्न्स हा प्रोड्युसर अवघ्या दोन हजार डॉलरवर आला, ब्राझील बघायला मिळेल या उत्सुकतेपोटी. त्या अल्बमवर इगोर पहिल्यांदा मोजून मारतो. नंतर अराइज, १९९१, त्याच बर्न्सबरोबर पण थेट फ्लोरिडात टाम्पाला जाऊन.

आता इथे जरा थांबतो, कारण १९९३ च्या केऑस एडी या अल्बममध्येच माझा सगळा मुद्दा दडलाय. तोवर जगातले सगळे थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल वाजवणारे, बँड कोण जास्त फास्ट या शर्यतीत होते. सेपल्टुराने ब्रेक मारला. वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ, प्रोड्युसर अँडी वॉलेस, आणि इगोरने स्पीड सोडून टॉम्स, म्हणजे ड्रमसेटमधले खोल आवाजाचे ढोल, धरले, जड, गोल, सांबाच्या ढोलपथकासारखा लोळत येणारा ठेका. अल्बम सुरू होतो तो हृदयाच्या ठोक्यांनी, मॅक्सच्या तेव्हा पोटात असलेल्या मुलाचे ठोके आहेत ते, आणि त्यांच्यावरच इगोर येतो नि रिफ्यूज-रेझिस्ट चालू होतं. टेरिटरीची सुरुवात तर नुसती ड्रमची, दोन-चार सेकंदांत कळतं काय येणारे ते. कायोवास हे गाणं त्यांनी चेपस्टोच्या पडक्या किल्ल्यात उघड्यावर रेकॉर्ड केलं, अकूस्टिक गिटार आणि ढोलकाम, गाणं कुणीच नाही, विषय गुआरानी-कायोवा आदिवासींच्या आत्महत्यांचा. मॅनिफेस्टमध्ये १९९२ च्या कारांदिरू तुरुंगातल्या हत्याकांडाची बातमी सांगितलीय, १११ कैदी मारले गेले होते. हे सगळं मॅक्सच्या घशातून आलं खरं, पण त्याला पाय इगोरने दिले. तो ठेका अमेरिकन किंवा जर्मन ड्रमरला सुचलाच नसता असं मला ठाम वाटतं.

रूट्स, फेब्रुवारी १९९६, हा त्याचा पुढचा टप्पा. प्रोड्युसर रॉस रॉबिन्सन, बाहियाचा तालवाद्यवाला कार्लिन्होस ब्राउन सोबतीला, आणि माटो ग्रोसोमध्ये शावांते आदिवासींच्या गावात जाऊन त्यांच्याबरोबर केलेलं रेकॉर्डिंग. अमेरिकेत बिलबोर्डवर २७ वा नंबर, इंग्लंडमध्ये चौथा. आपल्याकडे बहुतेकांना सेपल्टुरा म्हणजे रूट्स ब्लडी रूट्स हे गाणं एवढंच माहीत असतं ते यामुळेच.

आणि त्याच वर्षी सगळं फुटलं. ऑगस्टमध्ये मॅक्सचा सावत्र मुलगा डेना गाडीच्या अपघातात गेला, बातमी आली ती इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या मोठ्या फेस्टिव्हलच्या दिवशी, मॅक्स घरी गेला आणि बाकीचे तिघं तसेच स्टेजवर चढले, किसरने गायलं. मॅक्सची बायको ग्लोरिया बँडची मॅनेजर होती. तिचा करार संपत आला होता आणि १६ डिसेंबरला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतला शो झाल्यावर तिघांनी सांगितलं की तो पुढे वाढवायचा नाही. मॅक्स निघून गेला, सोलफ्लाय नावाचा स्वतःचा बँड काढला. मुलगा जाऊन चार महिने झालेल्या घरात हे बोलणं काढायची ती वेळ होती का, असं कुणालाही वाटेल. दुसरीकडे त्या तिघांना मॅनेजमेंट एकाच घरातलं नको होतं हेही चुकीचं म्हणता येत नाही. भाऊ-भाऊ पुढे जवळजवळ दहा वर्षं बोलले नाहीत.

मग डेरिक. क्लीव्हलंडचा, उंचापुरा, हार्डकोर पंकमधून आलेला, आवाज मॅक्सपेक्षा खोल. १९९८ चा अगेन्स्ट हा त्याचा पहिला अल्बम, आणि त्यावर लोकांनी जे तोंडसुख घेतलं ते बघता तो टिकला हेच नवल. प्रोड्युसर हॉवर्ड बेन्सन, मेटालिकाचा जेसन न्यूस्टेड एका गाण्यात, आणि कामाइताची मध्ये जपानचे कोडो, ते भलेमोठे टाइको ढोल वाजवणारे. बघा म्हणजे, गायक बदलला तरी बँडचा शोध तोच चालू होता, ताल कुठे मिळतो ते बघायचा. अल्बम म्हणून अगेन्स्ट विस्कळीत आहे हे मान्य, निम्मी गाणी पूर्ण झाल्यासारखीच वाटत नाहीत. पण खापर डेरिकवर फोडणं अन्याय. लोकांना रूट्स भाग दोन हवा होता आणि तो मॅक्स असता तरी झाला असता याची काय गॅरंटी? नेशन (२००१), रूरबॅक (२००३), यांच्यावर फार बोलण्यासारखं नाही, रोडरनरही मधेच सुटलं. दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडीवरचा दान्ते एकवीस, २००६, हा मात्र चांगला, आणि तोच इगोरचा शेवटचा.

माझ्या मते खरा भूकंप हा. मॅक्स गेला तेव्हा ठेका घरातच राहिला होता, इगोर गेला आणि कावालेरा नावाचं कुणीच उरलं नाही. इगोरने आधी ब्रेक घेतला होता तेव्हा त्याच्या जागी टूरला वाजवलं रॉय मायोर्गाने, म्हणजे मॅक्सच्या सोलफ्लायमधल्या माजी ड्रमरने! कोणी लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं. त्याच वर्षी इगोर फिनिक्समध्ये डेनाच्या स्मृतीच्या शोला मॅक्सबरोबर स्टेजवर आला आणि भावांचं जमलं, दोघांचा कावालेरा कॉन्स्पिरसी हा बँड झाला.

इगोरच्या जागी ज्याँ डोलाबेला आला. ए-लेक्स (२००९) आणि कायरॉस (२०११) हे त्याचे दोन अल्बम. माणूस उत्तम वाजवतो, सफाईदार, पण तिथे एक गोष्ट जाणवते, तो इगोरची जागा सांभाळतोय, स्वतःची करत नाहीये. कायरॉस दणकट आहे, सरळसोट आहे, लक्षात मात्र गिटारच्या रिफ राहतात, ड्रम राहत नाहीत. या बँडच्या बाबतीत हे विचित्रच.

२०११ च्या शेवटी तोही गेला आणि एलॉय कासाग्रांडे आला, वय वीस. अराइज आला त्याच वर्षी जन्मलेला पोरगा! आधी आंद्रे माटोसच्या बँडमध्ये वाजवत होता, म्हणजे वायपर आणि आंग्राचा तो गायक, ब्राझीलच्या मेटलची दुसरी, सुरेल शाखा. एलॉयचे हात बघायला हवेत, काठ्या डोक्याच्या वर जातात आणि प्रत्येक फटका पूर्ण वजनाने येतो, फास्ट भागातसुद्धा. बहुतेक ड्रमर स्पीड वाढला की हात खाली आणतात, हा आणतच नाही. २०१३ च्या अल्बममध्ये, लांबलचक नावाच्या, रॉस रॉबिन्सन परत आला होता आणि सगळं इतकं कोंबलंय की एलॉय नीट ऐकूच येत नाही. मशीन मेसाया (२०१७) पासून स्वीडनच्या येन्स बोग्रेनने सूत्रं घेतली आणि आवाज मोकळा झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हा बँड पुढे कुठे जाणार याची उत्सुकता वाटली.

मग क्वाड्रा, ७ फेब्रुवारी २०२०, पंधरावा अल्बम, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. चार आकड्याभोवती रचलाय, बारा गाणी, तीन-तीनचे चार भाग. पहिल्या भागात थ्रॅश, दुसऱ्यात रूट्सच्या वळणाचे ठेके, तिसऱ्यात वाद्यांची उलाढाल, चौथ्यात संथ आणि सुरेल. म्हणजे बँडने आपलाच इतिहास चार कप्प्यांत लावून ठेवला आणि एका ड्रमरला सांगितलं, आता सगळं तू वाजव. आणि त्याने वाजवलं! आयसोलेशन, जे त्यांनी आधीच्या ऑक्टोबरमध्ये रॉक इन रिओला पहिल्यांदा ऐकवलं होतं, ते इगोरच्या तरुणपणीच्या पळापळीला शोभेल असं, पण एकही फटका सांडलेला नाही. गार्डियन्स ऑफ अर्थ, ॲमेझॉनवरचं, अकूस्टिक गिटार आणि कोरसवरून हळूहळू चढत जातं. शेवटच्या गाण्यात फार फ्रॉम अलास्का या बँडची एमिली बारेटो डेरिकबरोबर गाते, आणि डेरिक, ज्याला वीस वर्षं 'नुसता ओरडतो' म्हणून हिणवलं, तो चक्क सुरात गातो. क्वाड्रानंतर मॅक्सचं नाव काढणारे थोडे कमी झाले असं मला तरी जाणवलं. त्याचं श्रेय डेरिकला मिळालं, छानच, पण मी अर्धं एलॉयच्या खात्यात टाकीन.

नशीब बघा, महिन्याभरात कोविड आला आणि टूर बोंबलली. मग दर बुधवारी घरून ऑनलाइन वाजवायचं सुरू केलं, पाहुणे बोलावून, त्याचा सेपलक्वार्टा नावाचा अल्बम २०२१ मध्ये निघाला. २०२२ मध्ये किसरची बायको पॅट्रिशिया कॅन्सरने गेली. त्यानंतर तो मरणाबद्दल, शेवटच्या दिवसांतल्या उपचारांबद्दल उघडपणे बोलायला लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये बँडने निरोपाची टूर जाहीर केली. चाळीस वर्षं झाली, धडधाकट असताना थांबायचं. सुरुवात अर्थातच बेलो होरिझोंटेहून, १ मार्च २०२४.

आणि त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत, एलॉय गेला. एप्रिलअखेर कळलं, स्लिपनॉट या बड्या अमेरिकन मेटल बँडमध्ये. शिव्या भरपूर पडल्या, पण तेहेतिशीतल्या ड्रमरसमोर एका बाजूला बंद होणारं दुकान आणि दुसऱ्या बाजूला स्लिपनॉट असेल तर तो काय करणार? टायमिंग वाईट होतं, एवढं खरं. त्याच्या जागी ग्रेसन नेक्रुटमन, तेव्हा एकवीस वर्षांचा अमेरिकन, सुइसायडल टेंडन्सीज या बँडमधून आलेला, त्याआधी नाव झालेलं ते जॅझचे, जुना जॅझ ड्रमर बडी रिच याच्या छापाचे व्हिडिओ टाकून. जॅझवाल्याचं मनगट आहे त्याचं, फटका एलॉयसारखा वरून येत नाही, उसळून येतो. टूरमध्ये चाळीस शहरांतली चाळीस गाणी रेकॉर्ड करून लाइव्ह अल्बम काढायचा असं बँडने जाहीर केलंय, म्हणजे इगोरने सोळाव्या-सतराव्या वर्षी वाजवलेलंही आता याच्या हातून ऐकायचं.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाहीये त्यांनी एवढंच करावं, गायकाकडे दुर्लक्ष करून टेरिटरी, मग कायरॉसमधलं कुठलंही एक, मग आयसोलेशन, मग टेरिटरीच ग्रेसनच्या हातचं, असं ओळीने लावावं, हेडफोन घालून, आणि मग मॅक्स की डेरिक यावर हवं तेवढं भांडावं.