सवय होते, असं म्हणतात

"मॅडम, आता सवय झालीय."

सर्जरीच्या पहिल्या वर्षाला असलेली ती मुलगी छत्तीस तासांची ड्युटी उरकून, तीन तास एसटीत बसून नाशिकला माझ्या मानसोपचाराच्या दवाखान्यात आली होती. आठवड्यापूर्वी एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट तिच्याकडून बघायचा राहिला. सिनिअरच्या लक्षात आलं, पेशंट वाचला. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं आणि वेळ मिळाला तरी झोप येत नव्हती. तरीही म्हणणं एकच, सवय झालीय.

निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या, तोंडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ते मनापासून तसं म्हणतात. पण ते खरं नसतं, आणि का नसतं याचं उत्तर मेंदूत आहे.

2003 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी तरुणांच्या एका गटाला सलग 14 दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं आणि रोज त्यांची एकाग्रता मोजली. ती दिवसागणिक घसरत गेली, आणि पंधरवड्याच्या शेवटी रात्रभर टक्क जागलेल्या माणसासारखी झाली. खरी गंमत पुढे आहे. "झोप किती येतेय?" असं विचारल्यावर त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. कामगिरी ढासळत होती आणि त्यांना वाटत होतं, आपण रुळलो. म्हणजे शरीराला सवय होत नाही. थकवा मोजणारा काटा तेवढा अडकून बसतो. ड्युटी रूममधला चहाही यात भर घालतो. आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन हे झोप आणणारं रसायन साचत जातं आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहातलं कॅफिन त्याचा निचरा करत नाही, फक्त त्याचा निरोप पोहोचू देत नाही.

भावनांचंही तेच. 2007 मधल्या एका अभ्यासात जागरण झालेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याची घंटा वाजवणारा भाग पुरेशी झोप झालेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त पेटून उठला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेली त्याची जोड सैल पडली. पहाटे चारला नातेवाइकाचा चढलेला आवाज किंवा राउंडमध्ये सगळ्यांसमोर झालेला अपमान अशाच मेंदूवर येऊन आदळतो.

"आमच्या वेळी आम्हीही हेच केलं, आजकालची मुलंच नाजूक," असं माझे समवयस्क म्हणतात तेव्हा मी त्यांना 2010 चा एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या 740 नव्या डॉक्टरांना इंटर्नशिप सुरू होण्याआधी नैराश्याची प्रश्नावली दिली. नैराश्याच्या निकषात बसणारे 3.9 टक्के निघाले. मग वर्षभर तीच प्रश्नावली पुन्हा पुन्हा दिली, तेव्हा ते प्रमाण सरासरी 25.7 टक्क्यांवर गेलं. माणसं तीच होती. कामाचे तास वाढले की नैराश्यही वाढत होतं, आणि आपल्या हातून चूक झाली असं वाटणाऱ्यांनाही ते जास्त गाठत होतं. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलं होतं त्यांना धोका अधिक होता, हे खरं. पण एवढी उडी केवळ स्वभावाने कशी समजावणार?

आपल्याकडचं चित्रही समोर आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने 2024 मध्ये अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यातल्या 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. पाहणी ऐच्छिक होती, म्हणून हा आकडा जपून वाचावा, पण बाजूला सारू नये. आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास काम आणि एक सुट्टी, अशी शिफारस याच अहवालात आहे. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत तर 48 तास लिहिलेले आहेत.

मदत मिळत नाही असं नाही. मागायची भीती वाटते. कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत समोर बसलेला असतो आपलाच बॅचमेट. म्हणून ती मुलगी एवढ्या लांब आली होती आणि म्हणत होती, "केसपेपरवर पूर्ण नाव नका लिहू, टर्म अडकवतील." मी तिला म्हटलं, "अगं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं माझ्यावर बंधनकारक आहे." कायद्यात मोजके अपवाद आहेत, तेही समजावले. मग विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असा थेट प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. तिलाही वाटलं. ज्यांना प्रवास जमत नाही त्यांना मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर देते. तो मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उपचाराचा उपयोग होतो, कधीकधी आजाराच्या आधीसुद्धा. 2015 च्या एका चाचणीत नव्या डॉक्टरांच्या एका गटाला इंटर्नशिपच्या तोंडावर मानसोपचाराची अर्ध्या अर्ध्या तासाची चार ऑनलाइन सत्रं दिली. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेले त्या गटात 12 टक्के होते, ती न मिळालेल्या गटात 21.

पण अडकलेला काटा ज्याचा त्याला दिसत नाही, त्यामुळे तास बाहेरून कुणीतरी मोजायला हवेत. 1998 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे, आणि राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. माझी मागणी साधी आहे. तपासणीला जाणाऱ्या समितीने वॉर्डातल्या खाटांबरोबर ड्युटी रूममधल्या खाटाही मोजाव्यात, मागच्या महिन्याचा ड्युटी चार्ट मागून घ्यावा आणि सिनिअर बाहेर गेल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारावं, "काल किती तास झोपलात?"