लांब उडी धावेत ठरते

जुलै २०१३. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा. पुरुषांच्या लांब उडीत चीनचा वांग जियानान ७.९५ मीटरवर पहिला, वय अवघं सोळा. आपला प्रेमकुमार ७.९२ वर दुसरा. पुढच्याच वर्षी वांग ज्युनिअर जगज्जेता झाला, २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ८.१८ मारून कांस्य घेऊन गेला, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यूजीनला सहाव्या, म्हणजे अखेरच्या उडीत ८.३६ मारून जगज्जेता झाला. बालेवाडीपासून नऊ वर्षांत वाढ ४१ सेंटिमीटर. उडीची फळी, म्हणजे जिच्यावरून उडी घ्यायची ती पट्टी, २० सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे जेमतेम दोन फळ्या!

४५ अंशांत फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते, हा शाळेत शिकलेला नियम इथे चालत नाही. पाय फळीवर टेकतो तो सेकंदाचा साधारण आठवा भाग. तेवढ्यात वरच्या दिशेला सेकंदाला साडेतीन-चार मीटरहून जास्त वेग मिळत नाही. ४५ अंश हवे असतील तर पुढचा वेगही तेवढ्यावरच आणावा लागेल, आणि चांगला उडीपटू तर सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धावत येतो. म्हणून उड्डाणाचा कोन वीस अंशांच्या आगेमागे राहतो. अंतर मिळतं ते मुख्यतः धावेच्या वेगातून.

पण हा वेग फळीवर नेमका आणायचा असतो. धाव अठरा पावलांची धरली आणि प्रत्येक पाऊल एकच सेंटिमीटर लांबलं, तरी शेवटी १८ सेंटिमीटरची चूक. जवळजवळ अख्खी फळी. मोजमाप पाय सुटला तिथून नाही, फळीच्या खड्ड्याकडच्या कडेपासून होतं. त्यामुळे अलीकडे पडलेला पाय फुकट जातो आणि पलीकडे गेला की लाल झेंडा, उडी बाद.

धाव कुठून सुरू करायची, ती खूण ठरवायची अशी. फळीवरून खड्ड्याकडे पाठ करून पूर्ण वेगात उलट्या दिशेला अठरा पावलं धावायचं. अठरावं पाऊल पडलं तिथे प्रशिक्षकानं टेप लावायची. पाच-सहा धावांची सरासरी ही सुरुवातीची खूण. दुसरी खूण फळीच्या सहा पावलं अलीकडे. ती प्रशिक्षकाच्या डोळ्यांसाठी. पाय तिथेच चुकलेला असेल तर दोष सुरुवातीच्या पावलांत. तिथे बरोबर असून फाऊल होत असेल, तर पोरगं फळी बघून शेवटची पावलं ताणतंय. हा रोग फार दिसतो. खरं तर शेवटून दुसरं पाऊल लांब हवं, कंबर किंचित खाली, आणि शेवटचं आखूड. तेच ताणलं की पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि ब्रेक लागतो.

मातीच्या मैदानावर ठरवलेली खूण सिंथेटिक ट्रॅकवर चालत नाही. तिथे पावलं लांबतात, खूण मागे न्यावी लागते. समोरून वारा असेल किंवा जुलैतल्यासारखा ट्रॅक ओला असेल तर पावलं आखडतात, मग खूण थोडी फळीकडे घ्यायची. आणि हे सगळं सरावाच्या उड्यांतच करून घ्यायचं, कारण अंतिम फेरीत पहिल्या तीन उड्यांनंतर सहसा फक्त आठ जण उरतात.