कॅल्शियमचा इशारा आणि सेत्सुरो एबाशी

कॅल्शियमशिवाय बेडकाचे हृदय नीट आकुंचन पावत नाही, हे ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांनी 1883 मध्येच दाखवले होते. 1947 मध्ये हाइलब्रुन आणि व्हिएर्चिन्स्की यांनी स्नायुतंतूत निरनिराळे क्षार टोचून पाहिले, तेव्हाही तंतू आखडला तो कॅल्शियममुळेच. तरीही एक साधा आयन (विद्युतभारित कण) एवढी मोठी हालचाल घडवतो, हे अनेक जीवरसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हते. आणि त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण परीक्षानळीत शुद्ध केलेली, स्नायू आखडवणारी अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने कॅल्शियमची दखलच घेत नसत.

टोकियो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी स्नायू आखडतो कसा, यापेक्षा तो सैल कसा पडतो, याकडे आधी लक्ष दिले, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे मर्म याच निवडीत आहे. स्नायू कुटून काढलेल्या अर्कात त्याला शिथिल करणारा एक ‘घटक’ असतो, हे तेव्हा ठाऊक होते. तो घटक म्हणजे कुठले विरघळणारे रसायन नसून पेशीतील सूक्ष्म पिशव्यांचे जाळे आहे आणि पेशीचे इंधन असलेल्या एटीपीची ऊर्जा खर्चून ते आजूबाजूचे कॅल्शियम आत ओढून घेते, असे एबाशी आणि जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी 1962 च्या शोधनिबंधात मांडले. विश्रांत स्नायूच्या पेशीद्रवात कॅल्शियम जवळपास नसल्यासारखेच असते, ते या जाळ्यामुळे. चेतातंतूचा संदेश आला की जाळ्यातला साठा मोकळा होतो आणि पेशीद्रवातील कॅल्शियमचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

पण मग शुद्ध प्रथिने कॅल्शियमला दाद का देत नव्हती? शुद्धीकरणातच काहीतरी गळून जात असावे, असे एबाशी यांनी ओळखले, आणि 1965 मध्ये अयाको कोदामा यांच्यासह त्यांनी ते हरवलेले प्रथिन वेगळे काढले: ट्रोपोनिन. कॅल्शियम नसते तेव्हा ट्रोपोनिनच्या प्रभावाखाली ट्रोपोमायोसिन हे लांबट प्रथिन अ‍ॅक्टिनवरील मायोसिनच्या जागा अडवून बसते. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटताच ट्रोपोमायोसिन किंचित सरकते, जागा मोकळ्या होतात आणि मायोसिन अ‍ॅक्टिनला ओढू लागते. कॅल्शियम पुन्हा जाळ्यात परतले, की ओढ थांबते.

हृदयस्नायूला इजा झाल्यास त्याच्या पेशींतील ट्रोपोनिन रक्तात उतरते. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना आज डॉक्टर रक्तात तेच मोजतात.